वायला पंखा

भुसावळ, मे महिना, दुपारचे पावणेतीन.
बाहेर सत्तेचाळीस.
जामनेर रोडवरचं कुत्रं
एटीएमच्या दाराखालच्या फटीला नाक लावून
सकाळपासून हललेलं नाही.

झोपे–भंगाळे यांच्या लग्नाची फिल्म
उद्या द्यायची आहे,
आणि माझं मशीन
चार पॉइंट सहावर सुटलेलं
मध्येच बसकण मारतं.
पॉइंट आठ.
उठतं. पुन्हा बसतं.

प्रोसेसर तर गार आहे. बासष्ट.
तस्लीमने गेल्या महिन्यात बसवून दिलेला वॉटर कूलर,
दोन नळ्या, निळा दिवा,
तीन बारशी आणि एक साखरपुडा त्यात गेलेला.
मग दमतंय कोण?

नाना मागे येऊन उभे.
लोको शेडमध्ये एकतीस वर्षं,
डावा कान तिथेच ठेवून आलेले,
म्हणून नेहमी माझ्या डावीकडे,
उजवा कान माझ्याकडे करून.
"झाकन काढ," म्हणाले.

काढलं.
प्रोसेसरच्या शेजारी, काठाला,
काळ्या वड्या रांगेने,
त्यांच्या पाठीशी करड्या डब्या,
तुरीच्या डाळीला जरा मोठ्या भावासारख्या.
बारा व्होल्ट घ्यायचे,
कापून कापून सव्वावर आणायचे
आणि साहेबांच्या पानात वाढायचे,
सेकंदाला तीन लाख वेळा.
मी साहेबांची भूक वाढवली
आणि पाणी पाजलं साहेबांनाच.

नानांनी बोट टेकवलं.
एक...
दोन म्हणायच्या आत उचललं.
"शंभराच्या वर हाये हे.
पह्यलेचा पंखा कसा होता?"
कुरकुरा, म्हटलं. आवाज करायचा फार.
"पन खाली फुकायचा ना?
त्याच्या फुकीतलं याईलेबी भेटायचं.
तुहा हा नवा
सोताचं पानी सोताच पेतो."

मग जरा थांबून,
शेडमधल्या कुणाशी बोलावं तसं, भिंतीकडे पाहून:
"इंजिनात रेक्टिफायरले वायला पंखा असतो.
तो बंद पडला तं
गाडी ओढू देत नाही आपून.
डायवर कितीबी बोंबलो."

मशीन बंद केलं.
मेलेल्या अँप्लिफायरचं अ‍ॅल्युमिनियम
हॅक्सॉने कापत बसलो दोघं.
गॅलरीतून आई: "शेवयांवर उडवू नका ते!"
स्पिरिटने पुसलं, चिकट पट्टी लावली,
अकरा तुकडे, एक वाकडा.
राहू दिला.
जुन्या सप्लायमधला पंखा आडवा टांगायचा, तर
नानांनी केळीच्या सोपटाची दोरी पुढे केली.
मी झिप-टाय घेतला.
दोरी त्यांनी घडी करून खिशात ठेवली.

रात्री दीडला रेंडर सुरू.
चार पॉइंट सहा. चार पॉइंट सहा.
पंखा चिलटासारखा वाजतो, पण वाजतो.
पडद्यावर मंगलाष्टकं.
नवरदेवावर दोन्ही बाजूंनी कूलर,
कॅमेऱ्यावाल्यावर अर्धा,
आणि चौकटीच्या अगदी कडेला
हॅलोजन धरून उभा एक पोरगा,
शर्ट पाठीला चिकटलेला,
तोंड उजेडापासून वळवलेलं.

अशी माणसं मी नेहमी कापते.
कडा ओढते आतल्या बाजूला,
एवढंच असतं ते, माऊसचं एक बोट.

ओढली नाही.
झोपेंना कळणार नाही.
भंगाळेंना कळलं तर म्हणतील, हा कोण?
नाव मलाही माहीत नाही.

पाणी प्यायला उठलेले नाना
दारात थांबले.
"किती?"
चौऱ्याऐंशी.
"हं," म्हणाले. "ओढीन."
आणि आपल्या चांगल्या कानावर निजायला गेले.